नुसता माणूस

साठी उलटल्यावर प्रत्येकाने एकदा तरी पाठीवर पिशवी टाकावी, बाकी सगळं मागे सोडावं आणि परक्या मुलखात भटकायला निघावं. त्याशिवाय जगायला माणसाला किती थोडं लागतं हे कळत नाही. मला ते चौथ्या दिवशी कळलं. कमरेचा पट्टा, रक्तदाबाची गोळी आणि पाठ टेकायला खुर्ची. यातली एकही गोष्ट पिशवीत नव्हती, कारण पिशवी मी स्वतः भरली होती.

वय अडुसष्ट. चाळीस वर्षं दर रविवारी वर्तमानपत्रात लोकांची टर उडवून झाल्यावर संपादकांनी निरोप म्हणून ही अकरा कप्प्यांची पिशवी दिली. "आता फिरा," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा आनंद होता. मग वर्षअखेरच्या लांब सुट्यांत तीन आठवडे मी परदेशात ओळखीपाळखीच्यांकडे मुक्काम ठोकत हिंडलो. कुणाच्या सोफ्यावर झोपलो, कुणाच्या इस्त्रीच्या खोलीत. पण हिंडणं हे निमित्त. खरं काम शेवटच्या मुक्कामाला होतं, आणि ते बायकोने सोपवलं होतं.

"दादाला घेऊन या," तिने निघताना बजावलं होतं. "त्याच्याशिवाय आलात तर मी दार उघडणार नाही."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. माझा मेहुणा तो नंतर झाला. आधी आम्ही एका बाकावरचे. पस्तीस वर्षं तिकडे काढली त्याने. वहिनींना जाऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. थंडी सुरू होताना तो जिन्यावरून घसरला आणि सहा तास तसाच पडून राहिला. शेवटी पत्रं टाकायला आलेल्या पोस्टमनला दारातल्या फटीतून त्याचा पाय दिसला. "हाक मारायला कुणी नव्हतं, म्हणून मारली नाही," असं त्याने बहिणीला फोनवर शांतपणे सांगितलं. ती दोन दिवस जेवली नाही.

त्याची गल्ली बारा घरांची. सगळी घरं सारखी, विटांची, अरुंद, प्रत्येकाला रस्त्याकडे तोंड केलेली एक मोठी खिडकी. मी पोचलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि अंधार पडायला लागला होता. त्या दिवसांत तिकडे सूर्य हजेरी लावून निघून जाणाऱ्या कारकुनासारखा वागतो. गल्लीत माणूस नव्हता, पण घरोघर दिवे होते. एका खिडकीत कप होता, एका दारात ओली छत्री.

"शेजार चांगला दिसतोय," मी म्हणालो.

"सगळे सुटीला गेलेत," तो म्हणाला. "अकराच्या अकरा घरं रिकामी आहेत. दिवे मी लावलेत."

हे त्याचं निवृत्तीनंतरचं काम. विमा कंपनीत चोऱ्यांची चौकशी करण्यात बत्तीस वर्षं गेल्यामुळे रिकामं घर बाहेरून कसं दिसतं हे त्याला चोरांइतकंच ठाऊक होतं. नुसते दिवे लावून भागत नाही, तो म्हणायचा. पडदा रोज थोडा वेगळा सरकलेला हवा. खुर्ची हललेली हवी. कपात तळाला चहा हवा, छत्री ओली हवी. सगळी गल्ली जाताना किल्ल्या त्याच्याकडे देऊन जायची. रोज दुपारी दोन वाजता तो निघायचा आणि एकेका घरात पाच-सात मिनिटं राहून यायचा.

"ते ठीक आहे," मी पहिल्याच संध्याकाळी विषय काढला. "पण तू माझ्याबरोबर चल आता. तुझी बहीण मला घरात घेणार नाही."

"मग राहा इथेच. वरची खोली मोकळीच आहे."

"अरे, पुन्हा पडलास तर?"

"तर तू पळत येशील. म्हणजे तुला जमेल तसा." तो नाकातून हसला. तसं हसायची त्याची शाळेपासूनची सवय. "सुटी संपू दे. लोक आले, किल्ल्या दिल्या, की बघू. असो."

त्याचं प्रत्येक बोलणं 'असो'ने संपायचं. त्यापुढे वाद घालता येत नसे.

तो अजून पुरता तोच होता, हे पाहून मला बरं वाटलं. वर्तमानपत्र चार घड्या करून मांडीखाली दाबून ठेवायचा. संत्रं सोलायचा तर साल अखंड, एका पट्टीत निघाली पाहिजे, आणि मग ती खुर्चीच्या हातावर लोंबत ठेवायचा. चष्मा काचा खाली करून ठेवायचा. त्यावरून वहिनींनी तीस वर्षं डोकं फोडून घेतलं होतं. डाव्या कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे बसताना उजवीकडे कललेला असायचा. सपातांच्या टाचा चेपलेल्या. रात्री जेवणाआधी बायकोचा फोन आला की पलीकडून तिचा 'हॅलो' पुरा व्हायच्या आत म्हणायचा, "काय चिमणे, आज कुणाशी भांडलीस?" चौसष्ट वर्षांच्या बाईला चिमणी म्हणणारा जगात तेवढा एकच माणूस उरला होता.

तिसऱ्या दिवशी बर्फावरून चालून त्याचा गुडघा सुजला. शेवटचं, बारा नंबरचं घर मी करायचं ठरलं. तिथे रसायनशास्त्राच्या एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहायच्या. त्या लेकीकडे गेल्या होत्या.

किल्ली देताना त्याने मला थांबवलं. "एक लक्षात ठेव. घरात माणूस आहे, एवढंच दाखवायचं. कोण आहे ते दाखवायचं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नुसता माणूस. कप, खुर्ची, पडदा. त्याच्यापुढे जायचं नाही."

"गेलं तर काय होईल?"

"मग त्याला जेवायला कोण घालणार?" तो म्हणाला, आणि या वेळी हसला नाही.

मी गेलो. बाईंचं घर नीटनेटकं होतं, इतकं की खोकायला संकोच वाटावा. खिडकीशी हिरवी खुर्ची, शेजारी लहान टेबल. मी कप ठेवला, खुर्ची हलवली, आणि लांब जाऊन पाहिलं. काहीच जमलं नव्हतं. तो कप कुणाचाच नव्हता. चाळीस वर्षं मी पोस्टातला कारकून लिहिला तर त्याच्या कानामागची पेन्सिलही लिहिली. मला नुसता माणूस येतच नाही. तो माझ्या धंद्यात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी जाताना मी मेहुण्याच्या ड्रॉवरमधला जुना चष्मा खिशात टाकला. टाकाऊ सपातांचा जोड पिशवीत घेतला, तीन संत्रीही घेतली. सुचायला दुसरं कोण होतं? नव्या माणसाला जन्म द्यायचा तर हाताशी असलेल्या माणसाचे कपडे चढवायचे, ही आम्हा लिहिणाऱ्यांची जुनी चोरी. वर्तमानपत्र चार घड्या करून खुर्चीत ठेवलं. चष्मा काचा खाली करून ठेवला. साल अखंड निघायला तीन संत्री लागली. ती मी खाल्ली आणि साल खुर्चीच्या हातावर टांगली. उशी उजव्या बाजूला दाबली. मग दारातून वळून पाहिलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आता घरात कुणीतरी होतं. जरा पाणी प्यायला उठून गेलं होतं, इतकंच.

त्यानंतरच्या दुपारी खुर्चीच्या हातावर दोन साली होत्या.

एक माझी, वाळून कडक झालेली. दुसरी ओली. बोटांना वास लागला.

मला वाटलं, मेहुण्याने गंमत केली. पण बाईंच्या घराची किल्ली माझ्या खिशात होती, आणि तो बाकीची घरं कशीबशी आटोपून गुडघ्याला शेक देत पलंगावर पडला होता. शिवाय मला पकडलं असतं तर तो गप्प बसणारा नव्हता. घरी आलो तर तो संत्रंच खात होता. सालीचे बारीक बारीक तुकडे ताटलीत नीट गोळा केलेले होते.

"आज अखंड नाही निघाली वाटतं?" मी विचारलं.

"काय?"

"साल."

त्याने तुकड्यांकडे पाहिलं. "अशीच निघते ना?" तो म्हणाला.

मी वाट पाहिली. पण तो 'असो' म्हणाला नाही.

पुढच्या चार-पाच दिवसांत त्याच्यात फार सुधारणा झाली. मी तर बायकोला तसं कळवलंसुद्धा. चष्मा आता तो डबीत ठेवी. वर्तमानपत्र वाचून झालं की टेबलावर सरळ ठेवी. ताठ बसे. सपाता टाच वर करून घाली. "वहिनींनी तीस वर्षं कष्ट केले ते आता फळाला आलेत," मी फोनवर म्हणालो. बायको हसली. मग म्हणाली, "त्याला द्या."

त्याने फोन घेतला. "नमस्कार," तो म्हणाला. "कशी आहेस? तब्येत बरी ना? इकडे थंडी आहे." आणखी दोन वाक्यं बोलून त्याने फोन माझ्याकडे दिला.

मी फोन कानाला लावला.

"अहो," ती म्हणाली, "तो मला चिमणे म्हणाला नाही."

"विसरला असेल."

"दादा?" ती म्हणाली. "भाऊ माझा आहे, मला शिकवू नका."

त्याच आठवड्यात मी पुन्हा विषय काढला. भांडायची तयारी करून बसलो होतो. मुद्दे पाकिटाच्या पाठीवर लिहून ठेवले होते.

"चल माझ्याबरोबर," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. "कधी?"

माझे सहाच्या सहा मुद्दे वाया गेले. साठ वर्षांत तो पहिल्यांदाच माझ्याशी वाद न घालता एखाद्या गोष्टीला तयार झाला होता. मी तिकिटं काढली. आनंद व्हायला हवा होता. त्या रात्री मी तीनदा उठून पाणी प्यायलो, आणि दोष मी संत्र्यांना दिला.

लोक परत यायला लागले. एकेक किल्ली गेली. दिवे आता आपोआप लागू लागले, म्हणजे माणसं ते लावू लागली. बारा नंबरच्या बाईंचा मात्र निरोप आला, लेकीकडे आणखी आठवडाभर राहते, किल्ली दारातल्या फटीतून आत टाकून जा.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिकडे शेवटची फेरी मारायला गेलो. चार वाजत आले होते. धुकं इतकं खाली उतरलं होतं की गल्लीला छत घातल्यासारखं वाटत होतं. आठ नंबरपाशी आलो आणि बारा नंबरची खिडकी दिसली.

खुर्चीत कुणीतरी बसलं होतं. उजवीकडे कललेलं.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, बेट्याने गुडघा दुखत असताना मला न सांगता जागा पकडली. मी रागावून मागे वळलो.

मेहुणा त्याच्या दारात उभा होता. ताठ. माझ्याकडे बघून त्याने हात हलवला, जसा आपण पलीकडच्या फलाटावरच्या माणसाने हलवला तर हलवतो.

मी पुन्हा खिडकीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

आत गेलो. हीटर बंद होता, तोंडातून वाफ येत होती. खुर्चीच्या उशीवर हात ठेवला. उशी ऊबदार होती.

टेबलावर एक पाकीट पालथं पडलं होतं, आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलने यादी केलेली. मेहुण्याचं अक्षर मी शाळेत चार वर्षं कॉपी करून पास झालोय. ते मला चुकणार नाही. यादीत तीन गोष्टी होत्या. गुडघ्याचं औषध. हिच्या फोटोची काच. आणि खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: चिमणीला फोन.

मी हे ठेवलं नव्हतं. यातलं मी काहीच ठेवलं नव्हतं.

मग मला भीती वाटली, आणि भ्यालेला माणूस करतो तेच मी केलं. आवरायला लागलो. वर्तमानपत्र उलगडून सरळ केलं. चष्मा खिशात घातला. उशी झटकली. साली, आता पाच होत्या, सगळ्या उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

फोन वाजला. मेहुण्याचा.

"जरा एक विचारायचं होतं," तो म्हणाला. आवाज अतिशय सभ्य होता. "राग मानू नका. वरच्या खोलीत सामान आहे, ते आपलं का? आपण आमच्याकडे कुणाच्या ओळखीने आलात?"

मी डब्यात हात घातला. सगळ्यात ताजी साल काढली आणि खुर्चीच्या हातावर टांगली. चष्मा काढला, काचा खाली केल्या. वर्तमानपत्राच्या चार घड्या केल्या.

फोनवर श्वास ऐकू येत होता.

"हॅलो?" मी म्हणालो.

"हां," तो म्हणाला. "अरे, कुठेयस? चहा टाकतोय. ये."

मी उभा राहिलो. खुर्ची माझ्याकडे पाठ करून होती. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, पण खिडकीत आधी धुकं होतं आणि नंतर काळोख होता. हे मोडलं तर तिकडे जे उरलंय तेही जाणार. ठेवलं तर त्याचं जे इथे आलंय ते इथेच राहणार. बायकोने मला भाऊ आणायला सांगितलं होतं. किती आणायचा ते सांगितलं नव्हतं.

मी उशी पुन्हा उजवीकडे दाबली. सपाता खुर्चीखाली सरकवल्या. दिवा चालू ठेवला. मग बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि किल्ली फटीतून आत टाकली. ती फरशीवर पडल्याचा आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. तो फार चांगला सहप्रवासी होता. पट्टा बांधा म्हटलं की बांधायचा, पाणी दिलं की प्यायचा. खिडकीबाहेर पाहिलं नाही. शेजारच्या बाईने मला विचारलं, "हे तुमच्याबरोबर आहेत का?" मी हो म्हणालो, आणि दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं, खात्री करून घ्यायला.

बायकोने दार उघडलं. त्याच्या खांद्याला धरून कितीतरी वेळ पाहत राहिली. तो हसला, तोंडाने, सगळे हसतात तसा.

"दादा," ती म्हणाली, "चिमणे म्हण ना."

"चिमणे," तो म्हणाला.

तिने त्याचे खांदे सोडले. स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मी मागोमाग गेलो.

"तिथून सगळं घेतलंत ना बरोबर?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं. "काही राहिलं तर नाही?"

"नाही," मी म्हणालो.

तेव्हापासून तो आमच्याकडे आहे. त्रास शून्य. वेळेवर उठतो, वाढलेलं खातो, औषधं घेतो. पाहुणे येतात ते म्हणतात, दादा किती शांत झालेत. बायको रोज दुपारी त्याच्यासमोर संत्रं सोलते. साल एका पट्टीत काढायचा प्रयत्न करते, ती तुटते, आणि तो तुकडे गोळा करून देतो. मी खुर्चीत बसून हे पाहतो आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो.

काल बारा नंबरच्या बाईंचं मेहुण्याच्या नावावर पत्र आलं. अक्षर सुवाच्य, भाषा अदबीची. घर इतकं छान सांभाळल्याबद्दल त्यांनी आमचे दोघांचे आभार मानले आहेत. परत आल्या तेव्हा जरा दचकल्या, असं लिहितात, पण तुमचे मित्र थेट तुमच्याच तोंडवळ्याचे आहेत, स्वभावाने फार चांगले आहेत, गप्पिष्ट आहेत, आणि या वयात संध्याकाळी घरात कुणी असलेलं बरंच वाटतं. ते परत कधी जाणार हे विचारायला संकोच वाटतो, आणि तशी काही घाईही नाही. तक्रार अशी नाहीच.

फक्त, सकाळी बाथरूम तेवढं जरा लवकर मोकळं करायला त्यांना सांगाल का?